ब्रिजिट होल्शरचा अधिकृत मार्ग

सेंट लुईसमध्ये दोन अनोळखी माणसं भेटली की पहिला प्रश्न एकच असतो: हायस्कूल कुठलं? नाव, धंदा, पगार सगळं त्यानंतर. उत्तरावरून समोरचा तुमचा बाप, तुमचा मोहल्ला, तुमचं चर्च आणि तुमची लायकी एका दमात काढतो. इथे जात नाही असं म्हणतात. म्हणोत बापडे.

कर्ट होल्शरकडे या प्रश्नाचं उत्तर होतं, पण ते देताना तो खोकायचा. त्याचं हायस्कूल बंद पडलं होतं आणि त्या इमारतीत आता लोकांची अडगळ भाड्याने ठेवतात. ज्या वर्गात कर्ट लॅटिनमध्ये नापास झाला, तिथे सध्या कुणाचा तरी मोडका सोफा आहे. त्या शाळेच्या फुटबॉल संघातही तो होता, म्हणजे संघाच्या राखीव बाकावर होता. आता तो विमा कंपनीसाठी गारपिटीने फुटलेली छपरं तपासायचा. शिडी लावायची, वर चढायचं, नुकसान जुनं की नवं ते सांगायचं. दुसऱ्याच्या छपराबद्दल त्याचा अंदाज कधी चुकला नाही.

त्याची मुलगी ब्रिजिट सेंट वॉलबर्गा या मुलींच्या हायस्कूलमध्ये होती. सोळावं लागलेलं. डाव्या बाजूला बचावाला खेळायची. बरी खेळायची. हा 'बरी' शब्द नीट वाचा, कारण पुढचे कित्येक दिवस तो होल्शरांच्या घरात कुणी उच्चारला नाही. त्या वसंतात तिची शाळेच्या पहिल्या संघात निवड झाली होती. शेजारी खेळणार होती टेस, बालवाडीपासूनची मैत्रीण. त्या निळ्या जर्सीसाठी दोघी लहानपणापासून झुरत होत्या. ब्रिजिटला आयुष्यात तूर्त एवढंच हवं होतं. इतकं सरळ काम होतं. आणि सरळ काम दिसलं की मध्यमवर्गीय बापाचे हात शिवशिवतात.

शिवशिवायला कारण झाली लॉरेटा व्हाइसहार. ईस्टरच्या आधीच्या उपवासात दर शुक्रवारी मांस वर्ज्य म्हणून चर्चच्या दालनात मासे तळतात आणि अख्खी वस्ती उपवासाच्या नावाखाली फुगेस्तोवर जेवते. त्या रांगेत लॉरेटाने कर्टला गाठलं. तिची मुलगी डिअॅना कॉलेजच्या संघात खेळत होती आणि हे शहरात ज्याला माहीत नव्हतं तो बहुधा बहिरा होता.

"कर्ट, तुझी ब्रिजिट कुठल्या मार्गावर आहे रे?"

"शाळेच्या संघात आलीय. पहिल्या."

"शाळेच्या?" लॉरेटाने कोबीच्या कोशिंबिरीत चमचा तसाच सोडला. "अरे देवा. शाळेच्या मॅचला कॉलेजवाले कुत्रंसुद्धा पाठवत नाहीत. आमची डिअॅना दहाव्या वर्षापासून राष्ट्रीय मार्गावर होती. तुम्हाला कुणी सांगितलंच नाही?"

तिने हे अशा आवाजात विचारलं, की जणू ब्रिजिटला देवीची लस टोचायचीच राहिली होती.

कढईपाशी फिनॅझो उभे होते. म्हातारे, गुडघ्याला पट्टा, पोटाला एप्रन. चर्चच्या पोरांना त्यांनी आयुष्यभर फुटबॉल शिकवला होता, कर्टलाही. अमेरिकेत एकदा कोच झालेला माणूस मरेपर्यंत कोचच राहतो.

"खेळू दे की पोरीला," फिनॅझो म्हणाले.

"कोच, तुमच्या वेळचं वेगळं होतं."

"हो. आमच्या वेळी चेंडू गोल होता. आणि तू बाकावर होतास. तिला तरी मैदानात राहू दे."

सगळी रांग हसली. हे वाक्य फिनॅझो बोलले नसते तर ही गोष्ट कदाचित इथेच संपली असती. पण अपमान पचवायला तळलेला मासा उपयोगी पडत नाही.

पुढच्याच आठवड्यात कर्ट ब्रिजिटला घेऊन रिव्हर ब्लफ एलिट अकादमीत गेला. "नुसतं बघून येऊ," असं तिला सांगून. जगातली सगळी वाटोळी नुसतं बघायला गेल्यावर झालेली आहेत.

या क्लबांविषयी मी स्पष्टच बोलतो. तिथे सगळ्यात खालच्या संघाचं नाव 'एलिट'. ज्या पोराला चेंडू आणि टरबूज यातला फरक कळत नाही तोही एलिट. त्याच्या वर 'प्रीमियर', त्याच्या वर 'राष्ट्रीय', आणि त्याच्याही वर 'राष्ट्रीय निवड'. साधा संघ नाहीच. साधं म्हटलं की आईबाप चेक फाडत नाहीत. भिंतीवर एक मोठा त्रिकोण रंगवलेला होता. तळाशी रांगणारं बाळ, टोकाला पदवीची टोपी घातलेली मुलगी, आणि मधे बाण. तो बाण म्हणजे मार्ग.

अकादमीचा संचालक इयन थॉर्नली हा इंग्लंडहून आलेला होता. हीच त्याची पदवी. तिकडे तो घरोघर फिरून खिडक्या विकायचा, पण त्याचा उच्चार असा, की 'आज पाऊस येईल' हेही त्याने म्हटलं तर बापलोकांना वाटायचं, काय डावपेच आहे!

"मुलीत चुणूक आहे, मिस्टर होल्शर," इयन म्हणाला. "पण उशीर झालाय. आपल्याला मार्गावर यावं लागेल."

'आपल्याला' म्हटल्यावर कर्ट विरघळलाच. त्या रात्री जेवणाआधी इयनचा फोन आला. राष्ट्रीय संघात एक जागा आहे. घ्यायची की नाही ते आत्ता सांगा, मागे रांग आहे.

ब्रिजिट वर आंघोळ करत होती. खालून पाण्याचा आवाज ऐकू येत होता. कर्ट उभं आयुष्य शिड्या चढत आला होता, पण तो घरातला जिना काही त्याच्याने चढवला नाही. तो म्हणाला, "घेतो."

आणि मग इयनने सहज, खिडकीबरोबर पडदा फुकट द्यावा तसं सांगितलं, की राष्ट्रीय संघातली मुलगी शाळेसाठी खेळत नाही. मार्गात बसत नाही.

जेवताना कर्टने बातमी दिली. आनंदाची बाजू आधी सांगितली, ती बरीच लांबवली, आणि शाळेचा भाग तोंडात बटाटा असताना उरकला. ब्रिजिट काही ओरडली नाही. तिने काटा खाली ठेवला.

"मग टेसच्या शेजारी कोण खेळणार?"

मॉरीन, कर्टची बायको, दाताच्या दवाखान्यात लोकांच्या हिरड्या साफ करते. तोंड उघडं टाकून गप्प बसलेली माणसं तिला रोजची.

"कर्ट, तू तिला विचारलंस?"

"उत्तर लगेच द्यायचं होतं गं."

"ती वर होती. चंद्रावर नव्हती."

"तिच्या भल्याचंच आहे ना! कॉलेजच्या संघात आली की..."

"कुणाला हवाय कॉलेजचा संघ?" मॉरीनने विचारलं.

 ब्रिजिटने बापाकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर लहान पोराने भेटवस्तू आणून ठेवल्यासारखा भाव होता, आणि ती परत कशी करायची असते हे सोळाव्या वर्षी माहीत नसतं. ती म्हणाली, "ठीक आहे, बाबा."

मुलीचं 'ठीक आहे' म्हणजे छपराखाली मुरणारं पाणी. वरून कौल जागच्या जागी दिसतं. कर्टला हे कळायला हवं होतं, तो त्याचाच पगार घेत होता. पण त्याला तेव्हा फक्त त्रिकोण दिसत होता.

आता तो कामाला लागला. कॉलेजच्या प्रशिक्षकांना मुलीचा व्हिडिओ पाठवावा लागतो, हे लॉरेटाने सांगितलं. चांगला व्हिडिओ उंचावरून काढतात, हेही तिनेच सांगितलं. उंचावर जाणं कर्टच्या हातचा मळ. पुढच्या सामन्याला त्याने कामावरची लांब शिडी आणली, मैदानाच्या कडेच्या झाडाला टेकवली आणि वर चढून बसला. आदल्या दिवशी पाऊस झाला होता. पूर्वार्धात शिडी हळूहळू चिखलात रुतली आणि उत्तरार्धात ती डावीकडे गेली. त्या चित्रणात आधी हिरवळ आहे, मग फांद्या, मग बराच वेळ आकाश, आणि पार्श्वभूमीला एका प्रौढ माणसाने घेतलेलं येशूचं नाव. मैदानावरच्या सगळ्या पोरींनी खेळ थांबवून पाहिलं. ब्रिजिटने मात्र पाहिलं नाही. ती बुटाची नाडी बांधत राहिली, जी सुटलेलीच नव्हती.

तरी पूर्वार्धाचं चित्रण वापरण्यासारखं होतं. कर्टने एका रविवारी बसून ते कापलं, जोडलं आणि मुलगी ओळखू यावी म्हणून तिच्या डोक्यावर लाल बाण लावला. देशभरच्या कॉलेजांना पाठवून दिलं. थोड्याच दिवसांत इयनचा फोन आला.

"मिस्टर होल्शर, एका कॉलेजला बाणाखालची मुलगी फार आवडलीय."

कर्ट खुर्चीतून उठला.

"पण ती ब्रिजिट नाही. ती समोरच्या संघातली आहे."

मध्यंतराला संघ बाजू बदलतात, पण हे सगळं चित्रण पूर्वार्धातलंच होतं, त्यामुळे तीही सबब नव्हती. चिखलाने एकाच रंगाच्या झालेल्या जर्सी, तपकिरी वेणी, बारीक बांधा, तीच धाव. शिडीवरून सगळ्या वेण्या सारख्याच दिसतात. सोळा वर्षं वाढवलेली मुलगी बापाला लांबून ओळखता आली नाही, हे मॉरीनने बोलून दाखवलं नाही. तिने फक्त व्हिडिओ दोनदा पाहिला. ते जास्त लागलं.

मग पात्रता कार्यालय. कॉलेजात खेळायचं तर आधी शाळेचे विषय मान्य करून घ्यावे लागतात. ब्रिजिटचा 'संतांची चरित्रं' हा विषय अडकला. कर्ट गाडी बाजूला लावून फोनवर ताटकळला. संगीत वाजलं, थांबलं, पुन्हा पहिल्यापासून वाजलं.

"हा विषय मान्य नाही सर."

"अहो पण नननी शिकवलाय!"

"नन मान्य आहेत सर. विषय मान्य नाही."

"मग दुसऱ्या कशात तरी धरा. इतिहासात धरा."

"यातले संत खरे होते याचा शाळेने दाखला द्यावा लागेल."

कर्टने मुख्याध्यापिका सिस्टर अॅगाथांना भीत भीत विचारलं. त्या म्हणाल्या, "दाखला रोमहून आणावा लागेल. घाई आहे का?"

अशात एक ईमेल आली. आयोवातल्या एका कॉलेजच्या प्रशिक्षकाची. 'प्रिय ब्रिजिट, आम्ही तुझ्यावर लक्ष ठेवून आहोत. आमच्या उन्हाळी शिबिरात तुला पाहायला आवडेल.' कर्टने ती गाडीत वाचली, छपरावर वाचली आणि शुक्रवारी मासे तळणाऱ्या दालनात मोठ्याने वाचली. तो बाकावर उभा राहिला नाही एवढंच.

लॉरेटाने ऐकून घेतलं. "ही होय? ही डिअॅनाला अजून येते. ती दुसऱ्या कॉलेजात खेळतेय तरी येते."

"मलाही आलीय," कढईपाशी फिनॅझो म्हणाले.

"तुम्हाला कशी येईल, कोच?"

"नातीसाठी एकदा शिबिराची चौकशी केली होती. तेव्हापासून माझ्यावर लक्ष ठेवून आहेत. गुडघ्यासकट."

हशा इतका मोठा झाला, की आतून पाद्री बाहेर आले. कर्टने ताट उचललं आणि तो कोपऱ्यातल्या टेबलावर एकटाच जेवला. ब्रिजिट दालनाच्या दुसऱ्या टोकाला टेसच्या टेबलापाशी उभी होती. बसली नव्हती. तिथे सगळ्यांनी निळ्या जर्सी घातल्या होत्या, आणि बाकावर जागा असूनही ती आपली ताट हातात घेऊन उभीच होती. कर्टला ते दिसलं. त्याने मासा संपवला.

ईस्टरनंतर कॅन्ससला मोठी स्पर्धा होती. तिथे कॉलेजचे प्रशिक्षक घडीच्या खुर्च्या टाकून बसतात आणि बाजारात गुरं बघावीत तशा पोरी बघतात. पालकांनी ओरडू नये म्हणून क्लबने प्रत्येक बापाच्या हातात काडीवरची साखरेची गोळी दिली. तोंडात धरा, गप्प बसा. मोठमोठे वकील, दंतवैद्य, बँकवाले रांगेत उभे राहून मुकाट्याने चोखत होते. ही गोष्ट मी रचलेली वाटत असेल तर कुठल्याही शनिवारी जाऊन बघा.

त्याच शनिवारी सेंट वॉलबर्गाचा सेंट ओडिलियाविरुद्ध सामना होता. वर्षातला खरा सामना तोच.

कॅन्ससला ब्रिजिट बाकावर बसली. पहिल्या सामन्यात बसली, दुसऱ्यात बसली. डावी बाजू वरच्या, राष्ट्रीय निवड संघातून उतरवलेल्या मुलीला दिली होती. कॉलेजवाल्यांना तिला दाखवायचं होतं. तिसऱ्या सामन्यात शेवटी शेवटी ब्रिजिटला आत सोडलं, तेही उजवीकडे आणि पुढे, जिथे ती जन्मात खेळली नव्हती. चेंडू तिच्यापर्यंत आलाच नाही. कर्ट समोरच्या बाजूला उभा होता. बाकावर कसं बसतात हे त्याला माहीत होतं. आधी पुढे वाकून बसतात, कधीही उठायला लागेल म्हणून. मग टेकून बसतात. मग जर्सीवर जॅकेट घालतात. ब्रिजिटने जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली तेव्हा कर्टच्या तोंडातली गोळी कडकन फुटली.

सामन्यानंतर दोघं गाडीत बसले. ब्रिजिटने फोन पाहिला. "आपण जिंकलो," ती म्हणाली. कर्टला क्षणभर कळेना, कारण क्लबचा संघ तर हरला होता. मग कळलं. 'आपण' म्हणजे कोण ते. तिने फोन मांडीवर पालथा ठेवला.

"बाबा, मला नाही खेळायचं."

"उद्याचा सामना? सांगतो मी इयनला, पोट दुखतंय म्हणून."

"उद्याचा नाही. खेळायचंच नाही. मला आता चेंडू बघवत नाही."

ती रडली असती तर बरं झालं असतं. तिने हे असं सांगितलं, जसं कर्ट लोकांना सांगायचा: छप्पर गेलं, दुरुस्ती होणार नाही.

कर्ट गाडीतून उतरला. इयन तंबूखाली कुणा बापाला त्रिकोण समजावत होता.

"तिला सोडा," कर्ट म्हणाला.

"मिस्टर होल्शर, मार्गावरून उतरलेल्याला परत घेता येत नाही."

"नका घेऊ. माझी मुलगी बरी खेळते. बरी! हे तुम्हाला पहिल्याच दिवशी दिसलं असेल. सांगितलं का नाही?"

इयनने शांतपणे त्याच्याकडे पाहिलं. "मग तुम्ही आला नसता."

दुसऱ्या बापाने तोंडातली काडी काढली. इयन खरं बोलला होता. कर्टला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली, पण हात उचलला तेव्हा लक्षात आलं, की थोबाडीत द्यायचीच तर स्वतःपासून सुरुवात करावी लागेल. त्याने हात खिशात घातला.

सोमवारी तो सेंट वॉलबर्गात गेला. ब्रिजिटला न विचारता नाही. या वेळी जिना चढून, दार वाजवून विचारलं. तिने आधी हातातलं पुस्तक मिटलं. मग म्हणाली, "घेतील का रे मला?" त्या 'का रे'वर कर्ट जगातल्या कुठल्याही कार्यालयात जायला तयार होता.

शाळेच्या प्रशिक्षक मिसेस ओडेल भल्या बाई. त्या म्हणाल्या, मी आज घेईन, पण राज्याचं शालेय क्रीडा मंडळ घेऊ देणार नाही. शाळेच्या मोसमात जी क्लबसाठी खेळली, ती त्या मोसमात शाळेची नाही. कर्टने मंडळाला फोन लावला.

"नियमानुसार ती क्लबची खेळाडू आहे सर."

"क्लब सोडला तिने."

"मग ती कुणाचीच नाही सर. पुढच्या वर्षी अर्ज करा."

कर्टने वाद घातला, विनवण्या केल्या, चूक माझी आहे, शिक्षा मला करा म्हणाला. मंडळातल्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि चूक कुणाची यासाठी आमच्याकडे रकाना नाही असं सांगितलं.

तो वसंत ब्रिजिटचा गेला. टेसच्या शेजारी दुसरीच कुणी तरी खेळली. संघ राज्याच्या उपांत्य फेरीपर्यंत गेला, आणि ब्रिजिट एकाही सामन्याला गेली नाही. नंतर हे सगळं गोड झालं, असं लिहिणारे लिहितात. मला ते जमत नाही. सोळाव्या वर्षाचा वसंत परत करायला कुठलंही मंडळ बांधील नसतं.

मे महिन्यात फिनॅझो एका संध्याकाळी दारात आले. कर्टशी न बोलता त्यांनी सरळ ब्रिजिटला हाक मारली.

"पोरी, माझा गुडघा गेलाय. चर्चमागच्या चिमुरड्यांना पंच नाही. शिट्टी फुंकता येते का?"

"मला फुटबॉल नाही बघवत, कोच."

"हा फुटबॉल नाहीच गं. ये तर."

ती गेली. पुढच्या आठवड्यात पुन्हा गेली, आणि त्याच्या पुढच्याही. मग एका शनिवारी कर्ट गेला. आधी लांब उभा राहिला, मग बघता बघता पुढे सरकला. मैदानात सहा वर्षांची पोरं एका गठ्ठ्याने चेंडूमागे पळत होती, मधमाश्यांसारखी. एक गोलरक्षक गवतात फुलं तोडत होती. एक मुलगा गोल करून नाचत होता, गोल स्वतःच्याच संघावर केला होता. त्या गर्दीत ब्रिजिट शिट्टी तोंडात धरून उलट्या पावलांनी पळत होती आणि इतकी हसत होती, की शिट्टीतून नुसती हवा निघत होती. तेवढ्यात कर्टच्या मनात आलंच: पंचाचा परवाना काढला तर कॉलेजच्या अर्जात मोजतात म्हणे. त्याने तो विचार तिथल्या तिथे दाबला. सवय एका दिवसात जात नाही.

शेजारी एक तरुण बाप येऊन उभा राहिला. हातात कॉफी, डोळ्यांत तीच तहान.

"तुमची मुलगी रिव्हर ब्लफला होती ना? राष्ट्रीय संघात?" त्याने आदराने विचारलं. "माझी ती, फुलं तोडतेय ती. आत्तापासून कुठे घालावी म्हणता? काय मार्ग धरावा?"

कर्ट त्या मुलीकडे पाहत राहिला.

"तिला विचारलंत का?"

"अहो, सहा वर्षांची आहे ती!"

"मग सरळ उत्तर देईल. लवकर विचारा. नंतर ती 'ठीक आहे' म्हणायला शिकते."

बापाने कॉफी बदलून दुसऱ्या हातात घेतली. त्याला अजून काही विचारायचं होतं, पण मैदानातून खणखणीत शिट्टी वाजली. खेळ थांबवून ब्रिजिट थेट या दोघांकडे चालत आली. चेहरा लाल, भुवया वर.

"बाबा, गप्पा मारायच्या तर रेषेच्या मागं उभं राहायचं. पालकांना इथे परवानगी नाही."

कर्टने खाली पाहिलं. चुन्याची रेष त्याच्या बुटांच्या बरीच मागे होती.

"सॉरी, पंच," तो म्हणाला, आणि मागे सरला.